आपाचा नेम

कोंबड्या दोनदा मोजून झाल्या, तरी ओब्दुलिया खुराड्यापाशी उकिडवीच बसून राहिली. काल अकरा होत्या, आज आठ. ठिपक्यांची गेली, मानेवर पीस नसलेली गेली, आणि खुडूक बसलेली लाल गेली. तिच्याखालची पंधरा अंडी पेंढ्यात गार पडली होती. खुराड्याची मागची फळी कुणीतरी खालून उकरली होती, आणि निवडुंगाच्या कुंपणाला अडकलेली पिसं सकाळच्या वाऱ्यानं थरथरत होती.

तिचा सासरा निकानोर भिंतीला हात लावत लावत मागं आला. सगळं ओहो सेको गाव त्याला आपाच म्हणे. तो गुडघ्यावर बसला आणि उकरलेल्या मातीवरून त्यानं तळवा फिरवला, भाकरीचं पीठ चाचपावं तसा.

"कोयोते," तो म्हणाला. "दोघं आहेत. एकानं उकरलं, दुसरा इथं उभा राहिला. मादीला पिल्लं असणार. घरी खाणारी तोंडं असल्याशिवाय एका फेरीत तीन कोंबड्या नेत नाहीत ते."

कोयोते म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून हाडकुळा जीव. सुगीच्या वर्षी तो गावाकडं फिरकत नाही, ससे-उंदरांवर भागवतो. पण औंदा जून उजाडला तरी आभाळात ढग नव्हता. माळावरचे ससे आधी वाळले, मग दिसेनासे झाले. ओढ्याच्या पलीकडून संध्याकाळी कोयोत्यांचं कुईकुई रडणं ऐकू यायचं, आणि ते दर आठवड्याला थोडं जवळ सरकत होतं.

ओब्दुलियाच्या कोंबड्या नुसत्या कोंबड्या नव्हत्या. गावातलं पाणी आटलं होतं. जिवंत होती ती फक्त शाळेची कूपनलिका. रोज सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात सहा अंडी पोचवायची आणि दोन डबे पाणी भरून आणायचं, असं तिनं ठरवून घेतलं होतं. त्या दोन डब्यांत तिघा माणसांचं आणि एका शेळीचं भागत होतं. आठ कोंबड्यांत सहा अंडी निघतील का, याचा ती हिशेब करत बसली होती.

संध्याकाळी खाणीच्या ट्रकमधून अन्सेल्मो उतरला. ओब्दुलियाचा नवरा, आपाचा धाकटा मुलगा. पांढऱ्या दगडाची धूळ त्याच्या भुवयांत बसलेली असे, त्यामुळं तिशीतच तो म्हातारा दिसे. त्यानं खुराडं बघितलं, फळी पायानं ढकलून बघितली, आणि आत येऊन घेवड्याच्या कालवणात भाकरी बुडवत म्हणाला, "खाणीवरचा एक जण पूड देतो म्हणतोय. चरबीच्या गोळ्यात घालायची, ओढ्यात टाकायची. दोन दिवसांत सगळं साफ."

"विष?" आपानं विचारलं.

"मग काय, साखर?"

"विषाला तोंड कळत नाही, पोरा. बंदूक निदान विचारून जाते."

"तुमची बंदूक चार वर्षं भिंतीवर आहे, आपा. तिच्या नळीत पालीनं अंडी घातली असतील."

एके काळी डोंगरापलीकडचे गुरांचे मोठे मालक आपाला घोडा पाठवून बोलावून घेत. सशाच्या मरणाचा आवाज काढणारी शिंगाची एक शिट्टी त्याच्याकडं होती. ती वाजवली की कोयोते आपल्या पायांनी चालत यायचा, आणि आपा एकाच गोळीत काम उरकायचा. अन्सेल्मोला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं लहानपणी ते पुष्कळ ऐकलं होतं. बहुतेक जरा जास्तच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अन्सेल्मो कामावर गेल्यावर ओब्दुलियानं एक गोष्ट बघितली. आपा कॉफी ओतून घेत होता. कपाच्या कडेत त्यानं तर्जनी बुडवली होती, आणि गरम कॉफी बोटाला लागली तेव्हा त्यानं किटली थांबवली. मग बोट चोखून तो शांतपणे कॉफी पिऊ लागला. ती दारात, हाताच्या अंतरावर उभी होती. तो तिच्याकडंच तोंड करून बसला होता आणि ती तिथं आहे हे त्याला कळलं नव्हतं.

तिला मागच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. भिंतीला लावलेला हात. देवळात शेजारच्या कासिल्दामावशीला दुसऱ्याच बाईच्या नावानं केलेला नमस्कार. गावातल्या पत्त्यांच्या डावातून, कंटाळा आला म्हणून, त्याचं उठून जाणं.

ती पाय वाजवत आत आली. "आपा, बंदूक पुसून देऊ का?"

"मी पुसलीय," तो म्हणाला. खरंच पुसली होती. मांडीवर आडवी होती, तेलाचा वास येत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "संध्याकाळचा उजेड खोटा असतो. डोळ्यांच्या दोन जोड्या असल्या तर बरं पडतं. तुला वेळ आहे का?"

"आहे."

"अन्सेल्मोला सांगायची गरज नाही. तो हसेल, सून घेऊन शिकारीला गेला म्हणून."

"नाही सांगत."

एवढंच बोलणं झालं. कोण कशासाठी चाललंय हे दोघांनाही कळलं होतं, आणि ते पुन्हा कधी त्यांच्या बोलण्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी दोघं ओढ्याच्या काठावर वेड्या बाभळीच्या आड बसली. ओढा कोरडा ठाक होता. तळाशी पांढरी वाळू आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. आपानं वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर धूळ सोडली, ती गालावर घेतली आणि जागा बदलली. सूर्य पाठीशी घेतला. जमिनीत दुबेळकं रोवून त्यावर नळी ठेवली.

"हलणारं मला दिसतं," तो हळूच म्हणाला. "काय हलतंय ते तू सांगायचं. डावीकडं असेल तर माझ्या डाव्या खांद्यावर बोटं ठेव. किती सरकवायचं तेवढी बोटं. बरोबर झालं की मी विचारीन, आहे का. तू म्हणायचं, आहे. मगच."

मग त्यानं शिट्टी तोंडाला लावली. ओब्दुलियानं सशाचा आवाज पूर्वी ऐकला होता, पण इतक्या जवळून नाही. तान्ह्या मुलाचा गळा दाबावा तसा तो आवाज ओढ्यातून वर गेला, थांबला, पुन्हा उठला.

बराच वेळ काही झालं नाही. मग समोरच्या झुडपातला एक दगड हलला आणि तो दगड नव्हता. नर होता, कान मोठे, छाती खोल गेलेली. तो तीन पावलं आला, थांबला, नाक वर केलं. ओब्दुलियानं डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. नळी किंचित सरकली. तिनं एक बोट उचललं.

"आहे का?"

"आहे."

आवाजानं तिचे कान बधिर झाले. धूर गेल्यावर तिला वाळूवर तो आडवा दिसला. पाय एकदा ताणले आणि संपला. आपानं विचारलं, "कुठं लागली?" ती म्हणाली, "खांद्याच्या मागं." तो हसला, आणि त्याच्या पडलेल्या दातांच्या फटी तिला दिसल्या. येताना कोयोते तिनंच मागच्या पायांना धरून ओढत आणला. दमली होती, पण आतून काहीतरी उकळी फुटल्यासारखं होत होतं. लग्न होऊन सहा वर्षं झाली. भाकरी आणि पाणी सोडून तिच्याकडून या घराला काही लागलं, असं आज पहिल्यांदा झालं होतं.

तो नर दोन दिवस कुंपणाला टांगून होता. गावकरी बघायला आले. अन्सेल्मोनंही बघितला, गोळीच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाला, "आपा, मी माझे शब्द मागं घेतो. पालीचे सोडून."

आठ दिवस बरे गेले. नवव्या सकाळी आणखी दोन कोंबड्या गेल्या, आणि त्याच दिवशी कासिल्दामावशीचं बदक गेलं. कासिल्दामावशी शेजारची, नवरा गेल्यापासून एकटी राहायची, सोबतीला कानेलो नावाचा तांबडा कुत्रा. "माझा कानेलो भुंकून भुंकून बसला," ती सांगत होती. "ती सटवी कुंपणापाशी उभी राहून त्याच्याकडं बघत होती. भीत नाही आता. नवरा मेलेल्या बाईला कसली भीती."

आता अंडी चारच निघत होती. शाळेतल्या स्वयंपाकिणीनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा डबा भरायच्या आत तिनं नळ बंद केला. "रागावू नकोस गं," ती म्हणाली, "पण मलाही विचारतात." रांगेतल्या बायका दुसरीकडं बघू लागल्या. ओब्दुलिया एक डबा डोक्यावर आणि एक रिकामा काखेत घेऊन घरी आली.

अन्सेल्मोनं रिकामा डबा बघितला. "मी पूड आणलीय," तो म्हणाला.

"रविवारपर्यंत थांब," आपा म्हणाला. "मादी आहे. नराच्या जागेवर ती येणारच. मला रविवारपर्यंत दे."

"आणि रविवारी?"

"रविवारी तुझं तू बघ. मी बोलणार नाही."

अन्सेल्मोनं ओब्दुलियाकडं बघितलं. तिनं त्या वेळी सांगायला हवं होतं, की आपाला दिसत नाही, की दोन आठवड्यांपूर्वीची ती गोळी अर्धी माझी होती. ती शेळीला पाला घालायला उठली. "बरं," अन्सेल्मो म्हणाला. "रविवारपर्यंत ओढ्यात पाय ठेवत नाही. शब्द दिला."

गुरुवारी दोघं बसली, काही आलं नाही. शुक्रवारी मादी आली, पण लांबूनच वळसा घालून गेली. चालताना तिची आचळं लोंबत होती. शनिवारी वारा फिरला. पश्चिमेकडून तापलेल्या भट्टीसारखा वाहू लागला, आणि आपाला जागा बदलून ओढ्याच्या दुसऱ्या काठावर बसावं लागलं. तिथं मावळता सूर्य बरोबर तोंडावर येत होता. ओब्दुलियानं डोळ्यांवर हात धरला तरी समोरची झुडपं काळ्या ठिपक्यांसारखी नाचत होती.

"आज राहू द्या का, आपा?"

"उद्या रविवार."

त्यानं शिट्टी वाजवली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ वाजवली, मध्ये दम लागून थांबला, पुन्हा वाजवली. वारा पडला. सगळीकडं इतकं शांत झालं की खालच्या वाळूतून पळणाऱ्या सरड्याचा आवाज यावा. मग पन्नासेक पावलांवर, झुडपाच्या मुळाशी, मातीच्या रंगाचं काहीतरी हललं. पाठ होती. जमिनीलगत. थोडी पुढं सरकली, थांबली, पुन्हा सरकली. शिट्टी वाजली तशी ती आणखी खाली दबली, दबा धरावा तशी.

आपाची मान ताठ झाली. हलणारं त्यालाही दिसलं होतं.

तिनं उजव्या खांद्यावर एक बोट ठेवलं. सूर्य डोळ्यांत घुसत होता. तीच असणार. दुसरं कोण असणार.

"आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"आहे," ती जरा मोठ्यानं म्हणाली.

गोळी सुटली. पाठ उलटी पडली, आणि मग माणसाचा आवाज आला.

ती कशी धावली ते तिला नंतर आठवलं नाही. काट्यांनी तिच्या पिंढऱ्या फाटल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. अन्सेल्मो वाळूत कुशीवर पडला होता. अंगावर गोणपाट पांघरलेलं होतं, आणि मांडीतून रक्त असं येत होतं जसं फुटक्या डब्यातून पाणी. तिनं शाल काढली, मांडीला आवळली, वर काठी घालून पिळली. तो दातांवर दात दाबून आभाळाकडं बघत होता. ती काहीतरी बोलत होती, काय ते तिलाच कळत नव्हतं.

"पडला का?" मागून आपा ओरडून विचारत होता. "पोरी, पडला का? काय आहे तिथं?"

तो झुडपांत ठेचकाळत, हात पुढं धरून आला. तिनं सांगायच्या आत त्याचा हात मुलाच्या चेहऱ्याला लागला. कपाळ, भुवया, नाक. तो गुडघ्यांवर बसला आणि चाचपत खाली गेला, छाती, दंड, मनगट. मुलाची आवळलेली मूठ त्यानं दोन्ही हातांत धरली, उघडली आणि तोंडापाशी नेली. ओब्दुलियाला वाटलं, मुका घेतोय.

"घरी जा," तो तिला म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "माणसं बोलावून आण. तू घरी होतीस. गोळीचा आवाज ऐकून आलीस. कळलं?"

दार उचकटून त्यावर घालून अन्सेल्मोला गावच्या कारभाऱ्याच्या, उबाल्दोच्या, ट्रकपर्यंत नेला. शहर तीन तासांवर. मांडीचं हाड फुटलं होतं. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा आता वाकणार नाही म्हणाले. अन्सेल्मोनं तिथं सांगितलं, बंदूक साफ करताना उडाली. ट्रकमधल्या गावकऱ्यांना त्यानं सांगितलं होतं की शनिवारी खाण लवकर सुटली, येताना पोट दुखलं म्हणून झुडपाआड बसलो होतो. यावर गावात विनोद झाले. आपाच्या शिट्टीनं कोयोतेच काय, भलभलतं बाहेर निघतं, असं लोक म्हणू लागले. ओब्दुलिया पाण्याच्या रांगेत खाली मान घालून ते ऐके.

शहरातून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी उबाल्दोनं शाळेच्या ओसरीवर सगळ्यांसमोर आपाला विचारलं. "आपा, कोण होतं तुमच्याबरोबर?"

"कुणी नाही. एकटा होतो."

"सून?"

"ती घरी मका दळत होती."

"मग तुम्ही बघितलं काय?"

"कोयोते बघितला."

"पन्नास पावलांवर स्वतःचा पोरगा ओळखू आला नाही?"

"चुकलं," आपा म्हणाला. "माणूस चुकतो. मला नीट दिसत होतं आणि मी चुकलो."

मागून कुणीतरी म्हणालं, "बापलेकाचं पहिल्यापासूनच पटत नव्हतं." कुणी गप्प केलं नाही त्याला. ओब्दुलिया बायकांत उभी होती. आता बोलू, हा पुढचा प्रश्न झाला की बोलू, असं करता करता उबाल्दोनं बंदूक ताब्यात घेतली आणि माणसं उठली.

आपा त्याच दिवशी खालच्या सांता रिता गावाला, थोरल्या मुलीकडं, निघून गेला. अन्सेल्मो घरी येईल तेव्हा मी इथं नको, एवढंच म्हणाला. ट्रकपर्यंत तो ओठ हलवत, पावलं मोजत, सरळ चालत गेला. दोन्ही बाजूंना लोक होते. "बघा, कुणाच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाही," कासिल्दामावशी म्हणाली. "केवढा निगरगट्ट."

त्यानंतर कोंबडी गेली नाही. एकही नाही. लोक म्हणाले, गोळीनं पोराला जखम झाली पण कोयोते भ्याला. ओब्दुलियाला ओढ्यावर गिधाडं फिरताना दिसत होती, पण तिकडं जायचं तिचं धाडस होत नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुठंतरी बारीक बारीक कुईकुई चाले. पहिल्या दिवशी पुष्कळ आवाज, दुसऱ्या दिवशी थोडे, चौथ्या दिवशी एक. मग तोही थांबला.

पाचव्या दिवशी सकाळी कासिल्दामावशी कुंपणापाशी आली. "माझ्या कानेलोला बघ गं काय झालंय." कुत्रा तिच्या अंगणात पडला होता. पाय काठ्यांसारखे ताठ, पाठ धनुष्यासारखी उलटी वळलेली, दात उघडे. "ओढ्याकडून आला," ती म्हणाली, "पाण्याच्या भांड्याला तोंड लावलं आणि असा झाला. हा साप नाही. साप मी बघितलाय." ती रडत नव्हती. कुत्र्याच्या डोळ्यांवरच्या माशा पदराच्या टोकानं उडवत होती.

ओब्दुलिया ओढ्यात गेली. मादी झुडपाच्या मुळाशी पडली होती, तशीच वाकलेली. गिधाडांनी पोट खाल्लं होतं आणि त्यांतलं एक तिथंच पंख पसरून मेलं होतं. वाळूत, दगडांच्या आडोशाला, चरबीचे पांढरट गोळे ठेवलेले होते. लिंबाएवढे. तिनं तीन शोधून काढले, काठीनं खोल खड्डा केला आणि पुरले. खुणेला वर दगड रचले. अन्सेल्मोच्या रक्ताचा डाग तिथून चार पावलांवर होता. शाळेची पोरं दुपारी याच ओढ्यातून घरी जात.

ती हात राखेनं घासून, तीनदा धुऊन घरात आली. एका दिवसाचं पाणी त्यात गेलं. अन्सेल्मोला आदल्या संध्याकाळी घरी आणलं होतं. तो खाटेवर लाकडासारखा पाय पसरून पडला होता.

"किती गोळे ठेवले होतेस?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि नाही म्हणायच्या भानगडीत पडला नाही. "सहा केले होते."

"तीन मी पुरले. एक मादीनं खाल्ला, एक कासिल्दामावशीच्या कुत्र्यानं. सहावा कुठं आहे? पोरं जातात तिथून, अन्सेल्मो. कुठल्या दगडाखाली ठेवलास ते सांग."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिला ते सहन झालं नाही. जे ओसरीवर बोलायचं होतं ते तिच्या तोंडून आता बाहेर आलं. "आपाला दिसत नाही. वर्ष झालं असेल. मी बसत होते त्यांच्या मागं. मी सांगायची आणि ते मारायचे. त्या दिवशी मी म्हटलं, आहे."

"माहीत आहे," अन्सेल्मो म्हणाला. "मी तुझा आवाज ऐकला होता."

ती खाटेच्या पायाशी बसली.

"शिट्टी ऐकली आणि कळलं, आपा इथंच कुठंतरी बसलाय," तो म्हणाला. "शब्द दिला होता ना मी. त्यानं बघू नये म्हणून गोणपाट घेतलं आणि खाली वाकलो. मग तू म्हणालीस, आहे. दोनदा म्हणालीस. मला वाटलं, मादी आली असेल. मी आणखी वाकलो. मी एक हाक मारली असती तर पाय शाबूत होता."

"मग गावाला का नाही सांगितलंस? त्यांना एकट्याला का जाऊ दिलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

बाहेर शेळी दोराला हिसके देत होती.

"सहावा माझ्या मुठीत होता," अन्सेल्मो म्हणाला. "आपानं मूठ उघडली. वास घेतला. मग खिशात घातला, आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं, ओब्दुलिया. माझंही आणि तुझंही."

ती उठून उभी राहिली. तिला ओसरीवरचा तो सपाट आवाज आठवला, आणि ट्रककडं सरळ चालत गेलेली ती पाठ. खिशात तो विषाचा गोळा घेऊन म्हातारा पाच दिवस सांता रिताला बसला होता.

"मला उठव," अन्सेल्मो म्हणाला. त्याच्याही मनात तेच आलं होतं. "उबाल्दोला म्हणावं, ट्रक काढ."

"तुझा पाय—"

"पाय राहू दे. उठव."

उबाल्दोला तिनं वाटेत सगळं सांगितलं; ट्रकच्या आवाजावरून ओरडून सांगावं लागलं. गाडी त्यानं खड्डे न बघता हाकली, आणि मागं गोण्यांवर पडलेल्या अन्सेल्मोनं एकदाही हळू घे म्हटलं नाही. सांता रिताच्या उतारावर ओब्दुलिया पुढं वाकून बसली होती, दारापाशी माणसं जमलेली दिसतात का ते बघत. घर आलं. दारात कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं.

ती उतरून धावली. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. न्हाणीच्या दारात आपाचं जाकीट खिळ्याला लटकत होतं. तिनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

"आपा?"

"इकडं आहे."

तो परसात, भिंतीच्या सावलीत, स्टुलावर बसला होता. मांडीवर मक्याच्या कणसांची टोपली होती आणि तो अंगठ्यानं दाणे सोलत होता. दाढी वाढली होती. पाच दिवसांत गाल आत गेले होते.

"थोरली बाजारात गेलीय," तो म्हणाला. "एकटीच आलीस?"

"अन्सेल्मो ट्रकमध्ये आहे. त्याला उतरवायला दोन माणसं लागतात. मी सांगितलं, आपा. त्याला सांगितलं, उबाल्दोला सांगितलं. सगळं."

त्याचे अंगठे थांबले. मग त्यानं शर्टाच्या आतून, छातीपाशी ठेवलेला हातरुमाल काढला. चार गाठी मारलेल्या होत्या आणि कापडाला चरबीचा डाग पडला होता.

"धर," तो म्हणाला. "नीट धर, आणि मग हात धुऊन घे. फेकायला जागा सापडत नव्हती. इथं जिकडं तिकडं यांच्या कोंबड्या फिरतात." आणि जरा थांबून, "रोज सकाळी काढून बसायचो. आजही बसलो होतो."

ओब्दुलियानं रुमाल घेतला. बाहेरून अन्सेल्मोचा आवाज आला, "आपा कुठंय? आहे का आपा?" कुणीच उत्तर दिलं नाही तसा तो पुन्हा ओरडला.

म्हातारा टोपली खाली ठेवायला गेला तशी ती कलंडली आणि दाणे सगळ्या परसात पसरले. कोंबड्या धावत आल्या. तो त्यांच्यात उभा राहिला, कुठं पाऊल टाकावं ते न कळून, आणि मग त्यानं कोपरापासून हात पुढं केला.

"हात दे, पोरी," तो म्हणाला. "मला दिसत नाही."